सुगीच्या सणाची कोंबडी

अंड्यांवर बसलेली कोंबडी मी आजारी समजून उचलली आणि देवाला देऊन टाकली.

यात देवाचं काय चुकलं असं कोणी विचारील, तर काही नाही. पण त्या सकाळी मला तसं वाटत नव्हतं. त्या सकाळी माझा देवाशी अबोला होता. अबोला माझ्या बाजूने होता, त्याच्या बाजूचं मला ठाऊक नाही.

बायकोला माती देऊन आठवडा झाला होता. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, तिथून पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात नेली आणि तिथून घरी आणली ती गाडीतून, आडवी. ती गेली तेव्हा मी खाली टपरीवर चहा पीत होतो. वर आलो तर नर्स म्हणाली, "तुम्हालाच शोधत होतो." चहा चांगला होता, हे मला अजून आठवतं, आणि ते आठवतं म्हणून मी पुढे कितीतरी दिवस चहा सोडला. मग डोकं दुखायला लागलं आणि पुन्हा धरला. शोकसुद्धा मला धड जमला नाही.

मुलगी नाशिकहून आली होती. तिने घर आवरलं, आलेल्या-गेलेल्यांना सलाम केले, चहा केला, आईची लुगडी घडी करून ट्रंकेत ठेवली आणि शनिवारी परत गेली. जाताना दारात म्हणाली, "बाबा, कोंबडीकडे बघा. दाणा-पाणी तिथंच टोपलीपाशी ठेवायचं." मी हो म्हटलं. मी आयुष्यभर बायकांना हो म्हणत आलोय. ऐकणं हे वेगळं काम असतं, ते मला कोणी सांगितलं नाही.

आमचं घर कर्जतच्या कडेला आहे, मागे थोडं परस. मी रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून निवृत्त झालो. बाटल्या धुतल्या, थर्मामीटर वाचले, साहेबांनी विचारलं की आकडा सांगितला. वाढलोही कारखान्याच्या चाळीतच. कोंबडी मी ताटात ओळखतो. बायको मात्र चौकच्या पलीकडची, खालापुरातल्या शेतावर वाढलेली. तिची आई ती लहान असतानाच गेली, मावशीने वाढवली. त्या मावशीकडूनच ही तांबडी कोंबडी पिल्लू म्हणून आमच्याकडे आली होती.

रविवारी सकाळी मी मागच्या खोलीत गेलो. सरपणाशेजारी टोपलीत कोंबडी बसली होती. अंग फुगवलेलं, डोळे अर्धे मिटलेले. कालचे दाणे तसेच पडलेले. हात पुढे केला तर घशातून गुरगुरली आणि बोटावर अशी चोच मारली की रक्त आलं. मला वाटलं, ही मालकिणीसाठी झुरते आहे. खाणं सोडलंय, आता मरणार. मला तिचा राग आला. दुःख करायचंच तर मी करीन, माझ्या घरात कोंबडीने माझ्यापेक्षा चांगलं दुःख का करावं?

आणि त्या दिवशी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सुगीचा सण होता.

आमची मंडळी लहान. कर्जतला एका हॉलमध्ये भरते. कोणी नेरळचं, कोणी शेलूच्या नव्या बिल्डिंगांतलं, कोणी खोपोलीहून येणारं. भात पिवळं पडलं की आम्ही सुगीची उपकारस्तुती करतो. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं त्यातलं पहिलं आणून टेबलापुढे ठेवायचं. उपासना झाली की त्याचा लिलाव. ज्याला शेत नाही तो केक करून आणतो. ज्याला केक येत नाही तो बाजारातून केळ्यांची फणी आणतो आणि परसातली म्हणून सांगतो. देवाला खरं ठाऊक असतं, पण तो लिलावात बोली लावत नाही, म्हणून निभतं.

दर वर्षी आमच्या घरचं बायको न्यायची. कधी दुधी, कधी अंडी, कधी नुसत्या भाताच्या लोंब्यांची जुडी, तीही मावशीच्या शेतातली. मी मागून मोकळ्या हाताने जायचो. त्या सकाळी मला वाटलं, बरोबर आहे. बायको नेलीस, आता ही कोंबडी पण ने. पूर्ण घे. मी तिला उचलली, पिशवीत घातली. खाली टोपलीत अंडी दिसली. म्हटलं वा, मरता मरता चांगली घालून गेली. अंडी काढून ताटात ठेवली, ताट ओट्यावर ठेवलं आणि उपासनेला गेलो.

उपासनेत मी फक्त ओठ हलवले. गाण्याच्या वेळी माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि मंडळीतल्या लोकांनी ती चांगुलपणाने रिकामी ठेवली होती, म्हणजे तिकडे कोणाचंही लक्ष गेल्याशिवाय राहू नये. कोंबडी टेबलाखाली पाय बांधून ठेवलेली. पाळकसाहेब आभाराबद्दल बोलायला लागले की ती गुरगुरायची. तेवढं एक मला त्या उपासनेत पटलं.

लिलावात तिच्यावर पहिली बोली लावली बायकोच्या मावशीनेच. मावशी म्हातारी आहे पण सणाला चौकहून टेंपोने येते, पुढच्या बाकावर बसते आणि बोली बसल्या बसल्या बोट वर करून लावते. आमच्याकडे रीतच आहे, दुसऱ्याने चढवून द्यायचं, देवाचं काम म्हणून. मी सवयीने चढवली. मावशीने वळून बघितलं. मी पुन्हा चढवली. स्वतःचीच कोंबडी. मावशीने शेवटची बोली लावताना माझ्याकडे असं बघितलं की मी हात खिशात घातला. कोंबडी मावशीची झाली. सगळे जेवायला पंगतीत बसले तेव्हा मी मागच्या दाराने निघालो. मला कोणाची कीव वाढून नको होती.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती, आणि भूक लागली होती. माणूस मेलेल्या घरातही भूक लागते, हा मोठा अपमान आहे. मी अंड्याची पोळी करायचं ठरवलं. कांदा चिरला. बायकोची एक सवय होती, अंडं कधी थेट तव्यावर फोडायचं नाही, आधी वाटीत फोडून बघायचं. तेवढी एक गोष्ट मी तिच्याकडून शिकलो होतो. ताटातलं एक अंडं घेतलं आणि वाटीत फोडलं.

वाटीत लाल धाग्यांचं जाळं होतं. त्यात एक काळा ठिपका, डोळा. आणि मधोमध एक थेंब, जो हलत होता. हलत नव्हता, ठोके देत होता.

मी गॅस बंद केला. दुसरं काही मला सुचलं नाही. वाटी हातात घेऊन खाली बसलो आणि बघत राहिलो. मला कळत होतं की आता यात काहीच करता येत नाही, कवच परत जोडता येत नाही. पण उठावंसं वाटेना. पनवेलला मी खाली चहा पीत होतो. इथे मी होतो. तो थेंब हळू होत गेला, मध्ये थांबला, पुन्हा एकदा चालला आणि मग थांबला.

तेव्हा मला ऐकू आलं. म्हणजे कान आता उघडले, शब्द आधीच बोलून झाले होते. दवाखान्यात निघायच्या सकाळी बायको पिशवी घेऊन दारात उभी होती, अंगात स्वेटर, ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा थंडी वाजत होती तिला. म्हणाली होती, "अहो, कोंबडी बसवलीय. तिला उठवू नका. दाणा-पाणी टोपलीपाशी ठेवा." मी रिक्षावाल्याशी बोलत होतो. मी म्हटलं, "हो."

तिने स्वतःच्या हाताने मांडलेलं घरात एवढंच चालू राहिलं होतं. आणि ते मी ओट्यावर ताटात ठेवून गार केलं होतं.

उरलेली अंडी हाताला लावून बघितली. खिडकीतून ऊन येत होतं त्यामुळे अगदी गार नव्हती, पण कोमटही म्हणवेना. माझ्यातला प्रयोगशाळेचा माणूस जागा झाला. गरम पाण्याची पिशवी काढली, पाणी भरलं, वर टॉवेल टाकला आणि त्यावर काही अंडी नीट ओळीत मांडली. थर्मामीटर शोधला. ताप मोजायचा, बायकोचाच. तो लावला तर आकडा पट्टीच्याच बाहेर गेला. तेव्हा अंड्यांना हात लावून बघितलं, तर हात ठेववेना इतकी तापली होती. ती बाजूला केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाटल्या ठरल्या तापमानाला ठेवल्या, आणि घरची अंडी शिजवली.

राहिलेल्यांचं काय करावं हे कळेना. शेवटी बायकोचा तो स्वेटर दवाखान्यातून परत आलेला, खुंटीवर होता. त्यात अंडी गुंडाळली, पलंगावर बसलो, शर्टाची बटणं काढली आणि गाठोडं उघड्या पोटाशी धरलं. वरून तिची शाल घेतली. मग लक्षात आलं, आता कोंबडी आणायला जायचं कोणी? मी उठलो की अंडी गार. फोन हाताशी होता म्हणून मावशीला लावला. ती टेंपोत होती, मागे कोणीतरी जोरजोरात बोलत होतं.

"मावशी, कोंबडी आहे ना?"

"हाय की. मांडीव हाय. का, अजून बोली लावायची हाय का जावय?"

"कापणार तर नाही ना?"

"खुडूक कोंबडी कोन कापतं? पिसं खायची का? घरी चार अंडी हायत, सांजच्याला बसवीन म्हनलं तिला."

"खुडूक म्हणजे?"

"जावय, ही तुमी उठवली कुठनं?"

"टोपलीतून."

"टोपलीत काय होतं?"

"अंडी."

मग ती म्हणाली, "देवा बापा." एवढंच. आणि मला पुढे म्हणाली, "हलू नका तितनं."

तेवढ्यात पाळकसाहेब आले. तरुण आहेत, शेलूला नवीन बिल्डिंगमध्ये राहतात, स्कूटरवर फिरतात. मी पंगतीतून निघून आलो म्हणून जेवणाचा डबा घेऊन आले होते. दार उघडंच होतं. त्यांना दिसला तो उघड्या छातीचा, बाईची शाल पांघरलेला, पोट धरून बसलेला एक म्हातारा.

"काका, पोट दुखतंय का?"

"नाही. अंडी आहेत."

ते उभे राहिले. शिकलेला माणूस, पण असल्या प्रसंगासाठी त्यांना कोणी काही शिकवलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. वाटीही दाखवली. त्यांनी वाटीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"प्रार्थना करू या का, काका?"

"करा. पण माझे हात मोकळे नाहीत. आणि लवकर करा, मग चौकला जा."

त्यांनी डोळे मिटले. इतर वेळी त्यांची प्रार्थना लांब असते, मंडळीत त्यावरून थट्टा चालते. त्या दिवशी ते म्हणाले, "प्रभू, आम्हाला काही कळत नाही. तू इथे राहा. आमेन." आणि स्कूटरची किल्ली घेऊन निघाले.

मग घरात मी एकटा. हलायचं नाही. ती गेल्यापासून मी एका जागी बसलोच नव्हतो. उगाच बाजारात जायचो, स्टेशनवर जाऊन परत यायचो, कोणी दिसलं की रस्ता बदलायचो. आता बसणं भाग होतं. पाठीला रग लागली, पोटाला घाम आला, स्वेटरला तिचा वास होता आणि त्यात दवाखान्याचाही. मी रडलो. बसून रडणं हे उभ्याने रडण्यापेक्षा वेगळं असतं, त्यात लवकर सुटका नसते.

बायको घराघरांतल्या प्रार्थनासभांत एक गोष्ट नेहमी सांगायची. येशू यरुशलेमेकडे बघून रडवेला झाला आणि म्हणाला, की कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते तसं मला तुम्हाला घ्यायचं होतं, पण तुम्हीच आला नाहीत. मी तिची चेष्टा करायचो. म्हणायचो, शास्त्रात देवाला सिंह म्हटलंय, खडक म्हटलंय, तुला बरी कोंबडीच सापडली. ती म्हणायची, "थंडीत सिंहाच्या अंगाखाली शिरून बघा मग."

त्या दुपारी मला तिचं ते बोलणं आठवलं आणि या वेळी चेष्टा सुचली नाही. सगळा आठवडा मी देवाला एकच विचारत होतो, तू काही केलं का नाहीस? करायला काय झालं होतं तुला? आणि इथे मी पोटाशी गाठोडं धरून बसलो होतो आणि काहीच करत नव्हतो. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. आतल्यांनाही मी दिसत नव्हतो. त्यांच्यापैकी काही मेलेलीही असतील, आणि मी त्यांच्यासकट सगळ्यांना धरून बसलो होतो, कारण कोणतं मेलं ते मला माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी सोडवलं नसतं.

मला उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांचा मला हेवा वाटतो आणि थोडा संशयही येतो. पण खोली मघासारखी रिकामी वाटेना. मी मोठ्याने म्हटलं, "दिलेलं परत मागू नये म्हणतात. पण ती कोंबडी मी परत घेतोय. आणि पनवेलला तू वर होतास ना? मी खाली होतो. तू तरी वर असशील." बोलून झाल्यावर कळलं की अबोला मोडला. मोडायचं माझ्या मनात नव्हतं.

ऊन उतरता उतरता स्कूटर आली. पुढे पाळकसाहेब, मागे एका बाजूला पाय सोडून मावशी, तिच्या कुशीत पिशवी आणि पिशवीतून तांबडं डोकं बाहेर. मावशी आत आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. गाठोडं सोडलं. मोबाईलची बॅटरी लावून एकेक अंडं मुठीत धरून आतलं जिवंत आहे का ते बघायला लागली. काही परत स्वेटरवर ठेवली, काही बाजूला. गरम पिशवीवरची हातात घेतली आणि हलवून बघितली.

"ही गेली."

"गारठ्याने?"

"गारठ्यानं नाय. तुमी शिजवली."

मग तिने टोपलीत गवत नीट केलं, राहिलेली अंडी मांडली, कोंबडीला वर ठेवलं. कोंबडी जरा उभी राहिली, मान वाकडी करून खाली बघितलं, पायाने एक अंडं आत ओढलं आणि हळूहळू पसरून बसली. माझ्याकडे बघून गुरगुरली. पाळकसाहेबांनी श्वास सोडला.

मावशी तिथेच जमिनीवर बसली, तो स्वेटर उचलला. मला वाटलं घडी करते आहे. तिने तो तोंडाशी धरला आणि म्हणाली, "पोरी." मातीच्या दिवशी मावशी रडली नव्हती. सगळ्यांना पाणी देत फिरत होती. मला तेव्हा वाटलं होतं, म्हातारी घट्ट आहे. तिचीही मुलगीच गेली होती, आणि मी आठवडाभर एकट्यानेच मालकी सांगत होतो.

ती त्या दिवशी परत गेलीच नाही. "तुमचा भरवसा नाय," म्हणाली. अंडी फुटेपर्यंत राहिली. सकाळी चुलीपाशी बसून गाणी म्हणायची, बायको म्हणायची तीच, तशीच बेसूर. बायकोचा बेसूर कुठून आला होता ते मला इतक्या वर्षांनी कळलं. वाटीतलं आणि गेलेली अंडी मी परसात लिंबाखाली पुरली. मावशीने विचारलं, "मातीला पाळक बोलवायचा का?" पण खड्डा नीट बुजवायला स्वतःच आली.

पुढच्या रविवारी गाण्याच्या वेळी एक कडवं माझ्या तोंडून आलं. दुसऱ्याला मी नुसतं पुस्तक धरून उभा राहिलो. शेजारची जागा रिकामीच होती. ती रिकामीच राहणार आहे, यात बदल होईल असं मला कोणी सांगितलेलं नाही, निदान या घरात तरी नाही. पलीकडचं वचन आहे, त्यावर माझा विश्वास आहे. कधी पूर्ण, कधी टोपलीत उरलेल्या अंड्यांइतका.

मग एका सकाळी मावशीने हाक मारली. टोपलीतून आवाज येत होता, बारीक, कवचाच्या आतूनच. दुपारपर्यंत तीन पिल्लं निघाली. एक अर्धं कवच फोडून थांबलं ते थांबलंच. मावशीने ते उचलून माझ्या हातात दिलं आणि लिंबाकडे बोट दाखवलं. मी गेलो. परत आलो तेव्हा तिन्ही पिल्लं दिसेनाशी झाली होती, फक्त पंखाखालून एक पिवळी चोच बाहेर होती.

मी टोपलीपाशी उकिडवा बसलो. खूप दिवसांनी मला जरा फुशारकी मारावीशी वाटली.

"मावशी, यांच्यात माझाही वाटा आहे हं. अर्धा दिवस मीही उबवलीयत."

मावशीने कोंबडीपुढे कण्या टाकल्या, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"पोरीनं एवढी वर्सं तुमाला उबवलं, जावय," ती म्हणाली. "तरी तुमी आपले अंड्यातच."